मार खाणारी बाहुली

बाहुली मारण्यासाठी असते, असं माझं मत आहे, आणि ते पेणमध्ये तयार झालेलं आहे. जोजवायला आमच्या घरात सदैव एखादं तान्हं पोर असेच. त्याला झुलवून झुलवून आम्हा बहिणींचे हात दुखून येत. त्यामुळे आणखी एक खोटं पोर जोजवायची हौस कुणालाच नव्हती. बाहुली हवी होती ती दुसऱ्या कामाला.

आमच्या आळीत गणपतीचे कारखाने होते. कारखाने म्हणायचं एवढंच. पुढच्या पडवीत गणपती आणि मागच्या पडवीत माणसं अशी ती घरंच होती. गणपती-गौरी पाण्यात गेले की पुढच्या पडवीला सुस्ती येई. त्या दिवसांत शेजारचे कारखानदार लहान गौरीच्या साच्यातून आम्हा मुलींना बाहुलीची तोंडं काढून देत. रद्दी भिजवून, कुटून केलेला लगदा, त्यात चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी. हे तोंड उन्हात वाळलं की असं टणक होई की त्याने सुपारी फोडावी. आम्ही फोडली आहे.

ते तोंड देत, पण डोळे देत नसत. पेणमध्ये मूर्तीचे डोळे रंगवणाऱ्याचा मान सगळ्यात मोठा, कारण डोळे काढले की माती संपते आणि देव सुरू होतो, असा तिथला समज. "डोळे लिवले की देव झाला. देवाला हातात धरून आपटायचं नाय," असं ते म्हणत. म्हणजे आम्ही आपटणार हे त्यांनी गृहीत धरलेलं होतं. डोळे आम्ही घरी कोळशाने काढायचो. एक कपाळाकडे, एक कानाकडे. असल्या डोळ्यांत शिरायची इच्छा कुठल्याही देवाला झाली नसती.

धड आया शिवत. जुन्या लुगड्याची पिशवी, तिच्यात भातगिरणीतलं तूस, तेही काठीने ठोसून ठोसून भरलेलं. अशी बाहुली पायाला धरून फिरवली की सोट्यासारखी चाले. माझ्या डाव्या भुवईतून एक पांढरी रेघ गेली आहे. ती समोरच्या घरातल्या मुलीच्या बाहुलीची आहे. रक्त डोळ्यात उतरलं तेव्हा मला आधी राग आला, मग हेवा वाटला. तिची आई तूस माझ्या आईपेक्षा घट्ट भरत असे.

आळीच्या टोकाला एक बाई राहायची. तिचा नवरा धरमतरच्या खाडीत मालाच्या बार्जवर कामाला होता आणि घरी आला की तिला मारायचा. आवाज सगळ्या आळीला ऐकू येई, आणि आळी आपापल्या रेडिओचा आवाज वाढवी. सकाळी ती बाई पाण्याला आली की बायका तिच्या सुजलेल्या गालाकडे न बघता पावसापाण्याचं बोलत. आम्ही मुली मात्र त्याच दिवशी परसात जमायचो. एका बाहुलीला कोळशाची मिशी काढून नवरा करायचो. मग त्याला प्रत्येकीने मारायचं. हाताने, चिपाडाने, दगडी पायरीवर आपटून. शेवटी गळ्यात सुतळी घालून पेरूच्या झाडाला टांगायचं आणि खालून पाय ओढायचे. तो माणूस पुढे पिकल्या वयात अंथरुणात मेला. पोलिसात त्याच्याविरुद्ध कुणी गेलं नाही. पण आमच्या परसात त्याला प्रत्येक सुट्टीत फाशी झाली, आणि ज्या बाहुलीने ती घेतली ती संध्याकाळी मिशी पुसून पुन्हा खेळायला हजर असे. मान थोडी सैल व्हायची. आई चार टाके घालायची.

हे सगळं मी विसरून गेले असते. पण गेल्या वर्षी रोह्यात माझ्या नातीने आपल्या भावाचं कपाळ फोडलं.

मी मुलाकडे राहते. मुलगा केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये आहे. नात पहिलीत जाते. तिला भाऊ झाला, आणि घरातल्या सगळ्यांच्या माना पाळण्याकडे वळल्या त्या वळूनच राहिल्या. नातीने आधी तोंडाने सांगून पाहिलं, मग रडून पाहिलं, आणि मग ती मारायला लागली. भिंतीला, उशीला, शाळेतल्या मुलांना. मुलाने मोबाइलवर कुणा तज्ज्ञाचा व्हिडिओ पाहिला. मूल मारू लागलं की त्याला मिठीत घ्यावं, असं त्यात होतं. त्याने घेतलं. तिने त्याच्या कानाचा चावा घेतला. व्हिडिओत पुढे काय करायचं ते नव्हतं.

मी म्हटलं, "तिला बाहुली आणून द्या."

बाजारातून बाहुली आली. गुलाबी खोका, त्यावर खिडकी, आत सोनेरी केसांची, कंबर नसलेली एक पोरगी, हातापायांना तारेने बांधलेली. आम्ही तिला तारांतून सोडवायला जितका वेळ घेतला तितकाही वेळ ती टिकली नाही. नातीने पायाला धरून एकदा जमिनीवर हाणली, तर पाय नातीच्या हातात आणि बाकीची पलंगाखाली. दुसरी जरा महाग आणली. तिचे केस धरून ओढताच ते मुठीत आले आणि खाली भोकाभोकांचं टक्कल निघालं, चाळणीसारखं. तिसरी कुणीतरी बारशाला दिली होती. तिच्या पोटात बॅटरी होती आणि पोट दाबलं की ती इंग्रजीत गाणं म्हणायची. नातीने तिला भिंतीवर फेकली. तेव्हापासून ती न दाबताही गाऊ लागली, एकाच शब्दावर अडकून, बकरी कापताना ओरडते तशा आवाजात. शेवटी मुलाने स्क्रू काढून तिचं पोट उघडलं. आत गाण्याची चकती होती आणि बाकी नुसती हवा.

ही हवा मला झोंबली. आमच्या बाहुलीच्या पोटात गिरणीतलं तूस होतं, फुकटातलं, पण पोट भरलेलं होतं. आता खोक्यावर लिहितात की हे खेळणं मुलाच्या भावनिक विकासासाठी आहे. मुलाची भावना म्हणजे काय, हे खोका छापणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं. मुलाची भावना म्हणजे पायरीवर आपटणं. खेळणं मोडलं की संपतं, पण मुलाच्या हातातला मार संपत नाही. तो पुढची जागा शोधतो.

त्याने पाळणा शोधला. तुटलेल्या बाहुलीचा पाय नातीने जवळ ठेवला होता. सून भाताला फोडणी घालत होती, मी आंघोळीला गेले होते. फुटलेल्या प्लास्टिकची कड ब्लेडसारखी असते. बाळ ओरडलं आणि पाठोपाठ सून ओरडली. मी ओल्या अंगानेच लुगडं गुंडाळून बाहेर आले तर बाळाचं कपाळ रक्ताने माखलेलं, दुपट्यावर रक्त, आणि नात पाळण्याचा दांडा धरून उभी. तिच्याही तळव्यातून रक्त येत होतं, कारण कड दोन्हीकडून कापत होती. सुनेने तिला धरून थोबाडीत मारली, मग आणखी एक. मग स्वतःच खाली बसून रडू लागली. टाके बाळाला पडले.

बाळंतपणासाठी माझ्या विहीणबाई, सुनेची आई, पुण्याहून येऊन राहिल्या होत्या. त्या शिस्तीच्या. त्यांच्या बोलण्यात "संस्कार" हा शब्द स्वयंपाकातल्या मिठासारखा, सगळ्यात. त्यांनी त्या दिवशी निर्णय सांगितला.

"रविवारी मी जाते आहे. हिला घेऊन जाते. आमच्या सोसायटीजवळच शाळा आहे, बोलणं झालं आहे माझं. बाळ मोठं होईपर्यंत राहील. सगळ्यांच्याच हिताचं आहे."

मुलाने मान डोलावली. सुनेनेही डोलावली. त्या दोघांना झोप नव्हती, आणि झोप नसलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. पण मला माहीत आहे, असं पाठवलेलं पोर परत येतं ते पाहुणं होऊन. शाळा बदलली, मैत्रिणी झाल्या, की मग 'आता कशाला हलवायची' असं सुरू होतं. आणि त्या पोरीला जन्मभर एवढंच कळलेलं असतं, की भाऊ आला आणि मला काढून दिलं.

"रविवारपर्यंत थांबा," मी म्हटलं. "तोवर तिने बाळाला हात लावला नाही तर ती इथेच राहील."

"आणि लावला तर?" विहीणबाईंनी विचारलं.

"तर मी तिची पिशवी भरून देईन."

दुसऱ्या दिवशी मी एसटीने पेणला गेले.

आमच्या शेजारच्या कारखानदारांचा मुलगा आता कारखाना चालवतो. माझ्याच वयाचा, चड्डीत असल्यापासूनचा ओळखीचा. कारखान्याबाहेर त्याचा फ्लेक्स आहे. त्यात तो मोठा, गणपती लहान. आत ओळीने प्लास्टरचे गणपती उभे होते, आतून पोकळ, पांढरे, परदेशी जायला तयार.

"काय गो, रोह्याला गेलीस नि पेणची वाट विसरलीस!" तो म्हणाला. "गुडघं हायत का गेलं?"

"गुडघे आहेत. तुझं पोट केवढं झालंय रे."

"ते परंपरेचं वजन हाय."

मी त्याला सरळ सांगितलं, नातीसाठी लगद्याचं तोंड हवंय, जुन्या साच्यातलं. तो हसला. लगदा कोण करतो आता? एकच तोंड उरलंय, त्याच्या वडिलांच्या हातचं, आणि ते त्याने दर्शनी भागात काचेच्या कपाटात ठेवलंय. साहेब लोक कारखाना बघायला येतात त्यांना दाखवायला. खाली पितळेच्या पट्टीवर 'आमचा वारसा' असं कोरलेलं. तोंडाला अंगाचा रंग होता, ओठ होते, डोळ्यांची जागा कोरी होती.

"डोळे का नाही काढलेस?"

"डोळं काढलं तर रोज हळदकुंकू वाहावं लागंल. कोन करील? बायको म्हनते, माझ्या मागं आनखी एक देव लावू नको."

"मग मला दे. कपाटात ठेवून काय करतोस?"

"नाय जमायचं. पोरगी फोडंल." त्याने प्लास्टरचा एक मुखवटा माझ्या हातात ठेवला. "हा घे. फिनिशिंग बघ. असं बाबांना तरी जमत होतं का?"

मी तो घेतला, फिनिशिंग पाहिलं आणि हात सोडला. फरशीवर तो असा फुटला की एक कपची त्याच्या पायाच्या नखाला लागून रक्त आलं. कारागीर काम थांबवून बघू लागले.

"डोकं फिरलं काय गो तुजं?"

"तुझ्या वडिलांचा फुटला नसता."

"नसताच फुटला!"

"तू म्हणतोस. प्लास्टर करणारे असंच म्हणतात."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. त्याने कपाट उघडलं, वारसा बाहेर काढला आणि दाराच्या चौकटीवर हाणला. एकदा नव्हे. चौकटीचा रंग उडाला, वरून धूळ पडली, आणि तो प्रत्येक घावाला आपल्या बापाच्या नावाने ओरडत होता. तोंडाचं नाकसुद्धा दबलं नाही. तो धापा टाकत थांबला. मग त्या तोंडाकडे बघताना त्याचे डोळे भरून आले, आणि त्याला ते आम्हा सगळ्यांसमोर नको होतं, म्हणून तो आणखी जोरात ओरडला, "घेऊन जा! कपाटात ठेवून काय तिची आरती करू?"

मी ते पिशवीत घालायला लागले तर म्हणाला, "डोळं कोन काढनार?"

"मी काढीन. कोळशाने."

"तू?" तो खरोखर दचकला. "बाबांच्या तोंडावर तुजं ते तिरळं डोळं? आन हिकडं."

आणि त्याने ब्रश उचलला. मी नको म्हणायच्या आत त्याचा हात फिरला होता. अशा माणसांचा हात डोक्याच्या पुढे चालतो. पापणीची रेघ, बुबुळ, पांढरा ठिपका. ते तोंड एकदम आमच्याकडे बघू लागलं. कारागिरांपैकी एकाने सवयीने हात जोडले. तेव्हा याच्या लक्षात आलं.

"अरे देवा," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, "आता मारू नका हां तिला."

मी परतीच्या एसटीत बसून ठरवलं, की हा पेणचा कायदा आहे, रोह्यात चालत नाही.

शुक्रवारी मी माझ्या जुन्या लुगड्याचं धड शिवलं, गिरणीतून तूस आणून ठोसून भरलं, मानेला दुहेरी दोऱ्याने टाके घातले. वजन चांगलं आलं. मांडीवर एकदा मारून पाहिली तर वळ उठला. मी समाधानाने ती टेबलावर ठेवून झोपले.

सकाळी उठले तर बाहुली देव्हाऱ्यात. कपाळाला हळदकुंकू, डोक्यावर मोगऱ्याचा गजरा, पुढे साखरेची वाटी. विहीणबाई पहाटे आंघोळ करून आल्या होत्या आणि टेबलावर गौर बघून त्यांना भरून आलं होतं.

"किती प्रसन्न मुद्रा आहे हो," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही असं काही कराल असं वाटलं नव्हतं."

"ती खेळायची आहे, विहीणबाई."

"असे डोळे असताना?" त्यांनी विचारलं. त्यांच्या बाजूने संपूर्ण पेण उभं होतं, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

नात स्टुलावर चढून बाहुलीला हात लावायला गेली तर विहीणबाईंनी तिच्या हातावर चापट मारली. "देवी आहे ती. पाप लागतं." नातीने विचारलं, पाप कुठे लागतं? त्यांनी नीट सांगितलं, हात झडतात. तो सगळा दिवस नात दोन्ही हात काखेत घालून घरात फिरली. पाळण्याजवळून जाताना थांबायची, बघायची. सून तिच्यामागे सावलीसारखी. मला लढाई हरल्याची खात्री झाली. मी पिशवी काढून ठेवली.

रविवारी सकाळी विहीणबाई नातीची वेणी घालत होत्या. घट्ट वेणी हाही संस्कारच. नात ओरडली, "दुखतंय!" त्या म्हणाल्या, "थोडं दुखणारच, हलू नकोस," आणि केस ओढले. नातीने मान वळवून त्यांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. विहीणबाई किंचाळल्या आणि त्यांनी तिला मारलं, पाठीत, फणीसकट. फणीचे दात मोडून फरशीवर उडाले. नात पाळण्याकडे धावली. तिथे सून आडवी उभी होती.

"बघितलंस?" विहीणबाई म्हणाल्या. "अजून विचार करायचाय तुम्हाला?"

"मारू नकोस तिला, आई."

"मग काय पूजा करू तिची?"

सुनेने देव्हाऱ्याकडे बघितलं. मग ती गेली आणि गौर खाली काढली. साखरेची वाटी पडली. गजरा तिने ओढून फेकला आणि बाहुली पोरीच्या पुढे धरली.

"घे. मार."

नातीने हात मागे घेतले. "पाप लागेल."

"मला लागू दे," सून म्हणाली, आणि बाहुली पायाला धरून दाराच्या पायरीवर हाणली.

हा पहिला घाव पोरीला दाखवण्यापुरता असावा. दुसरा तसा नव्हता. तिसऱ्यापासून ती आम्हाला विसरली. पदर सुटला, केस सुटले, दूध येऊन पोलकं भिजलं, आणि ती हाणत राहिली, दात आवळून, प्रत्येक घावाला कशाचं तरी नाव घेतल्यासारखी, पण नाव न घेता. न झालेल्या झोपांचं असेल. त्या दोन थपडांचं असेल. कुंकू भिंतीवर उडालं, तिच्या हातांवर, गालावर. कुणी वाटेवरून बघितलं असतं तर खून समजून धावत आला असता. विहीणबाई हात जोडून पुटपुटत होत्या. मी त्यांचा दंड धरून ठेवला, कारण त्या मध्ये गेल्या असत्या तर त्यांनाही बसला असता.

सून थांबली ती दम संपला म्हणून. गौरीच्या नाकाचा शेंडा बसला होता. डोळे शाबूत होते.

नात आईकडे बघत राहिली होती, तोंड उघडं टाकून. इतक्या दिवसांत आईकडे असं बघायला तिला कारणच मिळालं नव्हतं. मग ती जवळ गेली.

"आई, आता माझी पाळी."

"हळू नको मारूस हां," सून म्हणाली.

मुलगा रात्रपाळी करून दारात आला तो नेमका तेव्हा. त्याने पायरीवर कुंकवात बसलेली बायको पाहिली, देवीला झोडपणारी मुलगी पाहिली, हात जोडलेली सासू पाहिली, आणि माझ्याकडे वळला.

"काय चाललंय?"

"खेळतायत," मी म्हटलं. "आणि ती पिशवी रिकामी कर. पुण्याला एकट्या विहीणबाई जातायत."

तो सुनेकडे बघू लागला. तिने मान वर न करता सांगितलं, "हो. रिकामी कर."

विहीणबाईंना मी स्टँडवर सोडायला गेले. त्यांच्या मनगटाला मी हळदीची पट्टी बांधली होती. गाडी लागली. पायरीवर पाय ठेवताना त्या वळल्या.

"देवी कोपली म्हणजे?"

"कोपायला सवड मिळायला हवी ना तिला," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. पण खिडकीत बसल्यावर म्हणाल्या, "तिला सांगा, मारताना दूध सांडू देऊ नकोस. बाळाचं आहे." गाडी सुटली.

मी चालत घरी आले. फाटकातूनच धपाट्यांचा आवाज ऐकू येत होता, एक जड आणि एक हलका, आळीपाळीने. बाळ त्या आवाजात झोपलं होतं.